अंकबाबांचे सात

दर गुरुवारी वर्तकनगरच्या त्या हॉलबाहेर चपलांचा खच पडे. आत अंकबाबा डोळे मिटून सांगत, "मनात एक संख्या धरा. दुप्पट करा. माझ्या कृपेचे चौदा मिळवा. निम्मे करा. आता तुमची संख्या मला अर्पण करा. उरलं ते तुमचं प्रारब्ध." मग ते पालथी पाटी उलटत. पाटीवर सात, आणि प्रत्येकाच्या मनातही सातच. एवढ्या माणसांचं प्रारब्ध एकसारखं कसं, हे कोणी विचारलं नाही. उलट सगळ्यांचं जुळलं म्हणून बाबा मोठे ठरले. अक्कल गहाण टाकली की असंच होतं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्राचीने तिच्या मुलीला, श्रियाला, तिथे नेलं. श्रियाला फिट्स येत, पण गोळीवर ती ठणठणीत होती. सात आल्यावर बाबांनी सातवा दोष सांगितला आणि गोळ्या बंद करायला लावल्या. घरच्यांनी कोणाला न सांगता त्या बंद केल्या. महिन्याभरात पोरीला झटके आले ते थांबलेच नाहीत. श्रिया गेली.

तेराव्यानंतर प्राची माझ्याकडे आली. बाबांचा निरोप आला होता: एक गुरुवार चुकवलात म्हणून मुलगी गेली, दोष आता धाकट्या मुकुलवर उतरलाय, त्याचा दम्याचा पंप बंद करा. मी संतापलो. ती मात्र शांत होती.

"सर, तुम्ही गणित शिकवता. त्यांना सात कसं कळलं, तेवढं सांगा. नाहीतर उद्या मी मुकुलला त्यांच्याकडे घेऊन जाणार."

मी दोन सारखे डबे आणि मूठभर चणे टेबलावर ठेवले. बीजगणितातला क्ष म्हणजे हा झाकलेला डबा, आत किती ते मला ठाऊक नाही. दुप्पट म्हणजे दोन डबे. त्यांच्याशेजारी चौदा चणे. निम्मे केले की एक डबा आणि सात चणे. तिची संख्या, म्हणजे तो डबा, मी तिच्या हातात परत दिला. टेबलावर सात चणे उरले.

"पण डबा तर उघडलाच नाही," ती म्हणाली.

"त्यानेही उघडला नव्हता."

मग मी तिला ताळा करायला लावला. तीन धरले, पन्नास धरले, उत्तर सातच. चौदाऐवजी वीस मिळवले, तर दहा उरले. शेवटी तिने नऊ धरले, श्रियाचं वय. बोटांवर मोजत अठरा, बत्तीस, सोळा करत ती पुन्हा सातावर आली.

"म्हणजे त्याने माझ्या पोरीकडे बघितलंसुद्धा नाही."



मुकुलचा पंप चालू आहे. हॉल अजून भरतो. म्हणून हात जोडून सांगतो, कोणी तुमच्या मनातलं ओळखलं तर घरी येऊन दुसरी संख्या घालून ताळा करा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोरांची गोळी बंद करू नका.