बांधावरून पळालेली निळी सायकल

मित्रांनो, माझा रंग निळा, हँडलावर पांढरी पट्टी आणि वय वर्षं एकवीस. माणसांमध्ये हे वय उमेदीचं असतं, आम्हा लांब पल्ल्याच्या सायकलींमध्ये म्हातारपणाचं. या वयात चार लोकांनी आपल्याविषयी बरं बोलावं असं कुणालाही वाटतं. माझ्या वाट्याला वेगळंच आलं. जपानमधल्या तामा नदीच्या बांधावर एका खांबाला माझं वर्णन चिकटवलं होतं, चोराचं चिकटवतात तसं. ते का, हे मी सांगणार आहे. ऐकताना तुम्हाला माझा राग आला तर येऊ द्या. मलाही येतो.

माझा जन्म साकाई शहरातला. मुरोई नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने पोलादी नळ्या तापवून, पितळेने सांधून माझा सांगाडा केला. मुरोई मोठा तुसडा माणूस. गिऱ्हाईक दुकानात आलं की तो पाठ फिरवून कानस घासत बसायचा. पण त्याने घातलेला सांधा कधी सुटला नाही.

मला घेतलं निरासावा यांनी. ते खिडक्यांच्या चौकटी बनवणाऱ्या कंपनीत विभागप्रमुख. आठवड्याचे पाच दिवस ते वाकत असत. साहेबांपुढे, गिऱ्हाइकांपुढे, फोनवर बोलतानासुद्धा. रविवारी पहाटे पाचला घट्ट पिवळा सदरा घालून माझ्यावर बसले की मात्र त्यांचा आवाजच बदलायचा.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती, ते मी नाकारत नाही. ते जुन्या मोज्याने माझा एकेक आरा पुसत. घाट चढताना धाप लागली की माझ्याशी बोलत. चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानाबाहेर मला भिंतीला टेकवून आंबट आलुबुखार भरलेला भाताचा गोळा खात आणि वाऱ्याला शिव्या देत. कधी माझी चाकं काढून, मला पिशवीत कोंबून आगगाडीने दूरच्या डोंगरात नेत. डब्यातले लोक पिशवीकडे असं बघत, जणू आत मेलेलं जनावर आहे. घरात मी दाराशीच उभी राहायची. त्यांच्या बायकोला, फुसाएबाईंना ते मुळीच खपत नसे.

"अहो, चिखलाची चाकं घेऊन आत कशी आली ही? हिलाही चपला काढायला सांगा की!"

निरासावा हसत आणि पुन्हा फडकं घेत.

मग मोन्मा आला. हा त्यांच्याच कंपनीतला, वयाने वीस वर्षांनी लहान. त्याची सायकल काळी आणि इतकी हलकी की तो ती दोन बोटांवर उचलून दाखवी. मला तो 'लोखंडी आजीबाई' म्हणायचा. त्यानेच निरासावांना मोबाइलवरची ती यादी दाखवली. बांधावरच्या एका पुलापासून पुढच्या पुलापर्यंतचं चार किलोमीटर अंतर कोण किती वेळात कापतो, ते त्या यादीत आपोआप नोंदलं जाई. मोन्माचा नंबर पहिला होता, सहा मिनिटं एकतीस सेकंद.

"निरासावा-सान, तुम्ही दुसरे! या वयात म्हणजे कमालच," तो म्हणाला.

"या वयात" हे दोन शब्द मालकांना लागले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. ते फक्त घड्याळाकडे बघत.

आता बांधाविषयी सांगते. तो रस्ता एकट्या सायकलींचा नाही. तिथे लोक चालतात, धावतात, कुत्री फिरवतात, खाली मैदानात बेसबॉल खेळायला जाणारे घोळक्याने चालतात. दर थोड्या अंतरावर 'हळू जा' असं रंगवलेलं आहे. त्या अक्षरांवरून आम्ही इतक्या जोरात गेलो आहोत की ती पुसट होण्यात माझाही वाटा आहे. चालणारे आम्हाला शिव्या देत, आम्ही त्यांना. रविवार सकाळ म्हणजे तिथे उघडं वैरच.

त्यात सगळ्यांत खंबीर होत्या कोनुमा आजी. बांधाच्या पायऱ्यांशीच त्यांचं घर. नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. तेइजो आजोबा चार चाकांची आधाराची गाडी ढकलत पुन्हा चालायला शिकत होते आणि आजी त्यांच्या मागे चालत. सायकल दिसली की त्या दोन्ही हात पसरून रस्त्यात उभ्या राहत.

"ए पिवळ्या! रस्ता काय तुझ्या बापाने बांधलाय?"

"आजी, कडेने चालवा त्यांना! मधोमध काय चाललात?"

"तो कडेने चालला तर खाली गडगडेल. तू उतर ना! पाय धड आहेत तुझे!"

मालक दात-ओठ खात कशीबशी वाट काढत आणि पुढे गेल्यावर पुटपुटत, "म्हातारी मुद्दाम करते. मुद्दाम!" प्रत्येक वेळी त्यांचे तीन-चार सेकंद जात. त्या तीन-चार सेकंदांसाठी ते आजींचा द्वेष करू लागले. आठवडाभर साठवून ठेवावा असा द्वेष.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी पाठीमागून वारा होता. असा वारा वर्षातून दोनदा मिळतो. पहिला पूल ओलांडताना मालकांचे पाय माझ्या पेडलांवर असे पडत होते की माझी चेन कण्हत होती. पायऱ्यांपाशी आलो तेव्हा आजी रस्त्यात नव्हत्या. त्या खाली घराच्या दाराशी कुणाशी तरी बोलत होत्या. आजोबा एकटेच, गाडी धरून, पाठमोरे चालत होते. उजव्या बाजूला पुरेशी जागा आहे असं मालकांना वाटलं.

तेवढी नव्हती. माझ्या हँडलाचं टोक आजोबांच्या बाहीत अडकलं. क्षणभरच. मग लोकर फाटल्याचा आवाज आला, मागे काहीतरी पडलं आणि ती चार चाकांची गाडी खडखडत बांधाच्या उतारावरून खाली गेली.

मित्रांनो, मला ब्रेक आहेत. दोन, उत्तम. मालकांची बोटं ब्रेकवर आली, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी मान वळवून पाहिलं. मग बोटं ब्रेकवरून उठली आणि ते आणखी जोरात पेडल मारू लागले. मागून आजींची किंकाळी आली. ती वाऱ्याबरोबर बराच वेळ आमच्या मागे येत राहिली.

दुसऱ्या पुलावर मोबाइल वाजला. सहा मिनिटं एकोणतीस सेकंद. पहिला नंबर. थोड्याच वेळात मोन्माचा निरोप आला, "अभिनंदन! आजीबाईंनी करून दाखवलं!" मालक पुलाच्या कठड्याला धरून ओकले.

त्या दिवशी ते आडरस्त्याने घरी आले. मला दाराशी न ठेवता मागच्या व्हरांड्यात नेलं आणि करडं ताडपत्रीचं कापड पांघरलं. पुसलं नाही. चेनला तेल नाही. यादीतून त्यांनी आपली नोंदही काढून टाकली. दुसऱ्या रविवारी पाऊस नव्हता, तरी ते कुठे गेले नाहीत. बायकोला म्हणाले, "कंबर धरलीय."

पुढच्या आठवड्यात मोन्मा मागच्या गल्लीतून व्हरांड्यापाशी आला. त्याने कापडाचा कोपरा उचलला, मला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बांधावरच्या खांबाला कागद लावलाय, माहितीय ना? 'निळी सायकल. हँडलाला पांढरी पट्टी. चालवणारा पन्नाशीचा, पिवळा सदरा. माझ्या माणसाला पाडून पळाला. लाज असेल तर येऊन भेटावं.' असं लिहिलंय."

"निळ्या सायकली पुष्कळ आहेत," मालक म्हणाले.

"अगदी. आणि एवढ्यासाठी कुणी नोकरी घालवतं का? हिला काळा रंग मारून घ्या. म्हातारी काय, हिवाळा आला की विसरेल." जाता जाता तो वळला. "नोंद काढलीत ते बरं केलंत. यादीत मी पुन्हा पहिला झालो."

माझ्या सांगाड्यात पोलाद नसतं तर त्या दिवशी मी वाकले असते. वाऱ्याने कापडाखाली धूळ भरत होती, चेनवर तांबूस गंज चढत होता. गंजाचं मला दुःख नव्हतं. माझ्या डाव्या ब्रेकच्या दांडीत तपकिरी लोकरीचा एक तुकडा अडकून राहिला होता, तो मला काढता येत नव्हता.

नोव्हेंबर संपत आलेला. शनिवारी सकाळी फुसाएबाई व्हरांड्यात कपडे वाळत घालत होत्या. वाऱ्याने कापड उडालं, ते सावरायला त्या वाकल्या आणि त्यांना ती लोकर दिसली. दातांच्या डॉक्टरकडे जाताना त्यांचा रस्ता बांधावरूनच होता, त्यांनी तो कागद वाचला होता. मग त्यांनी हाक मारली, "अहो, इकडे या."

मालक आले. बाईंनी लोकर बोटाने दाखवली.

"ही कुणाची?"

मालकांनी कापड पुन्हा तिच्यावर ओढलं.

"तुम्ही थांबलात का?"

"मागे वळून पाहिलं होतं मी. आजी धावत येत होती. म्हटलं, आहे कुणीतरी..."

"मी एवढंच विचारतेय, उतरलात का?"

"नाही."

फुसाएबाईंनी ओला टॉवेल पिळून दोरीवर टाकला. "वीस वर्षं या सायकलीचा मी राग केला," त्या म्हणाल्या. "वाटायचं, हिने माझा नवरा नेला. हिने कुठला नेलाय! तुम्हीच भित्रे निघालात. घाला बूट."

"आत्ता? सोमवारी वकिलाला विचारून..."

"आत्ता. आधी पोलीस चौकी, मग त्यांचं घर. आणि बसायचं नाही हिच्यावर. हातात धरून चला."

चौकीतल्या तरुण पोलिसाने सगळं लिहून घेतलं, माझं हँडल जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं, लोकर काढून कागदात बांधली. "इतक्या दिवसांनी?" एवढंच तो म्हणाला, पण असं म्हणाला की मालकांना मान वर करता आली नाही. कायद्याची शिक्षा व्हायची ती पुढे झाली. कंपनीतही ते कळलं आणि त्यांचं विभागप्रमुखपद गेलं.

पायऱ्यांखालच्या घराचं दार कोनुमा आजींनीच उघडलं. आधी त्यांनी मला पाहिलं, मग मालकांना. फुसाएबाईंनी पुढे केलेला मिठाईचा खोका त्यांनी घेतला नाही. मालक कमरेतून वाकले, कपाळ गुडघ्याला लागेल इतके.

"उठा," आजी म्हणाल्या. "ऑफिसात वाकता तसं माझ्या दारात वाकू नका. मनगटाचं हाड मोडलं होतं त्याचं. ते जुळलं. पण आता तो दारापर्यंतसुद्धा येत नाही. सायकलचा आवाज आला की खुर्चीला घट्ट धरून बसतो. सहा महिने खपून मी त्याला चालवलं होतं. सहा महिने!"

आतून आजोबांचा आवाज आला, जड आणि तुटक. "कोण... आहे?"

"तो पिवळा."

मग आजोबा म्हणाले, "विचार त्याला... एवढ्या घाईत... कुठे निघाला होता?"

"कुठेच नाही," मालक म्हणाले. "त्या पुलापासून या पुलापर्यंत."

"आणि... मग?"

"मग परत."

आजोबांनी शिव्या दिल्या असत्या तर मालकांना बरं वाटलं असतं. तिथेच, दारात, ते रडू लागले. आजींना त्याची दया आली नाही. मलाही नाही.

"रडायचं तर घरी जाऊन रडा," आजी म्हणाल्या. "दर रविवारी त्या पुलापासून या पुलापर्यंत हिला हातात धरून चालत यायचं. सगळ्यांना दिसू दे, कोण ते. मी पायरीवर उभी असेन. एक रविवार चुकलात तर तो कागद तुमच्या ऑफिसच्या दाराला लावीन."

आणि मालक जाऊ लागले. हिवाळाभर, बोचऱ्या वाऱ्यात, पिवळा सदरा घालून, मला हाताने ढकलत. चार किलोमीटरना त्यांना तास लागायचा. ओळखीचे सायकलवाले बाजूने सुसाट जात आणि ओरडत, "काय हो, चेन तुटली काय?" मोन्माने तर एकदा उलटं फिरून दुसऱ्यांदा टोमणा मारला. चालणारेही बघून तोंड फिरवत, कारण तोवर सगळ्यांना कळलं होतं. पायरीवर आजी हाताची घडी घालून उभ्या असत. मालक वाकून नमस्कार करत. आजी कधी उत्तर देत नसत.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही पायऱ्यांजवळ आलो तर आजी पायरीवर नव्हत्या. त्या बांधावर होत्या आणि त्यांच्या पुढे, नव्या आधाराच्या गाडीवर दोन्ही हात ठेवून, तेइजो आजोबा उभे होते. माझ्या चाकाची टिकटिक ऐकून त्यांचे खांदे वर गेले. मालक तिथेच थांबले. त्यांनी मला उचलून खांद्यावर घेतलं, म्हणजे चाक वाजणार नाही, आणि उतारावरच्या गवतात गुडघ्यापर्यंत जाऊन उभे राहिले.

आजोबा आले. एक पाऊल, मग गाडी, मग दुसरं पाऊल. आमच्यासमोरून जायला त्यांना किती वेळ लागला कुणास ठाऊक, त्या दिवशी मालकांनी घड्याळ पाहिलं नाही. आजोबांनी आमच्याकडे बघितलं नाही. आजी मात्र थांबल्या.

"पुढच्या रविवारी येणार?"

"येणार."

"या. पण माफ केलेलं नाही मी."

"हो."

"आणि उतारावरून नीट वर या. पडाल."

एवढं बोलून त्या नवऱ्यामागे गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या सायकलीला तेल घाला, टायरमध्ये हवा भरा, पावसात उभी करू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. तेवढं केलंत तर मी तुमचे उपकार मानीन. पण मी गंजले तरी चालेल, माझं एक ऐका. समोर माणूस चालत असेल तर ब्रेक दाबा. आणि तुमच्या हातून कुणाला लागलंच, तर सायकलवरून उतरा. उतरायला एक क्षण लागतो. आमच्या मालकांना एकेचाळीस दिवस लागले.