एकसष्ट कॅसेटी आणि एक कंटेनर

रविवारी सकाळी उन्नती शेजवळने घरी गाणी साठवणाऱ्या सर्व्हरचा जुना कंटेनर काढून नवा चढवला आणि पाच मिनिटांत तिच्या अडीच महिन्यांच्या कामावर पाणी पडलं. गाणी शाबूत होती. एकसष्ट कॅसेटींतली तीनशे चाळीस गाणी डिस्कवर जिथल्या तिथे होती. पण गायक कोण, ढोलकी कोणाची, साल कुठलं, कार्यक्रम कुणाच्या दारात झाला, हे सगळं कोरं झालं होतं. प्रत्येक गाण्यापुढे एकच शब्द दिसत होता : अज्ञात.

"आई, सगळं गेलं गं."

द्रौपदीबाई कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या. "गाणी गेली?"

"गाणी आहेत. नावं गेली."

"मग एवढं तोंड कशाला पाडायचं? नावं परत लिहू. कव्हरं आहेत ना पेटीत!"

उन्नतीला ते एवढं सोपं वाटलं नाही. अंबरनाथच्या एका दवाखान्यात ती लॅब टेक्निशियन होती. रक्ताच्या नळीवर नाव चुकलं तर काय होतं हे तिला बारा वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं, आणि इथे तर तिच्या हातून तीनशे चाळीस नळ्या एका झटक्यात बिननावाच्या झाल्या होत्या.

कॅसेटींची ती पेटी तिच्या वडिलांची. भीमराव शेजवळ ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते, आणि फॅक्टरी सुटली की प्रज्ञाज्योत गायन पार्टीचे बुवा. कल्याणपासून कर्जतपर्यंत जयंती असो, लग्न असो, नाहीतर कुणाचं नवं घर, पार्टी हजर. रेकॉर्डिंगला त्यांना कुणी कंपनीने बोलावलं नाही. मग त्यांनीच स्टेजच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून सगळं टेप केलं आणि आपल्या वळणदार अक्षरात कव्हरं लिहिली. तीन वर्षांपूर्वी ते गेले. पेटी उघडली तर चार कॅसेटींना बुरशी लागलेली. उन्नतीने त्याच दिवशी ठरवलं, पाचवी जाऊ द्यायची नाही.

आधी तिने काही गाणी व्हिडिओच्या एका साइटवर टाकली. आठवड्यात नोटीस आली की या गाण्यावर आमचा हक्क आहे. कुठलीतरी कंपनी, कुठलंतरी आपोआप चालणारं मशीन. तक्रार केली, उत्तर नाही. पप्पांनी बुवापाड्यातल्या मांडवात म्हटलेलं गाणं, आणि मालक भलताच! त्या संतापातच ती उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेली आणि एका सिंधी दुकानदाराकडून ऑफिसातून निघालेला, जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर घेऊन आली.

"साईं, ये दिनरात चलेगा ना?" तिने विचारलं होतं.

"मॅडम, दस साल ऑफिस में चला है," तो म्हणाला, "अभी गाना सुनाने में क्या थकेगा?"

पुढचं ती व्हिडिओ बघत शिकली. कंटेनर म्हणजे गाण्यांचा प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद खोक्यात. खोकं चढवलं की सर्व्हर सुरू. घरातला कुठलाही फोन त्याला जोडून गाणी ऐकायची. नवं खोकं आलं की जुनं काढून टाकायचं. फक्त एक पथ्य पाळायचं : जे टिकवायचं आहे ते फोल्डर खोक्याबाहेर, डिस्कवर जोडून ठेवायचं. गाण्यांचं फोल्डर तिने बाहेर जोडलं होतं. पण नावं तिने सर्व्हरच्याच स्क्रीनवर टाइप केली होती, ती खोक्याच्या आत बसली, आणि खोक्याबरोबर गेली. चूक तिचीच होती. तेच जास्त लागलं.

जेवण झाल्यावर तिने कागद घेतला. एक, सर्व्हरचं सेटिंगचं फोल्डरही बाहेर. दोन, नावं आता सर्व्हरवर लिहायची नाहीत, थेट गाण्याच्या फाइलमध्ये लिहायची, म्हणजे उद्या सर्व्हर बदलला तरी नाव गाण्याबरोबरच जाईल. तिने आधी एकाच गाण्यावर तसं करून पाहिलं. मग मुद्दाम कंटेनर काढून टाकला, परत चढवला. नाव जागेवर. परत काढला, परत चढवला. तिसऱ्यांदाही नाव हललं नाही तेव्हा कुठे ती म्हणाली, "आई, आता कव्हरं वाच."

असं रोज ड्युटीवरून आल्यावर सुरू झालं. द्रौपदीबाई चष्मा लावून कव्हर वाचायच्या, गाणं वाजायचं, उन्नती लिहायची. पहिल्या खेपेला तिने एकटीने, हेडफोन लावून, कव्हरावरचं जसंच्या तसं उतरवलं होतं. या वेळी स्पीकर चालू होता. द्रौपदीबाई स्वतः कोरसला असायच्या. त्यांना एकेक आवाज ओळखू येत होता.

बाविसाव्या कॅसेटीतलं तिसरं गाणं लागलं. बाईचा चिरका, ठासून येणारा आवाज :

भोंगा झाला, ऊठ गं बाई, भाकरी थाप चार
दोन लेकीच्या दप्तरात, दोन मोर्चाला तयार

"गीत, संगीत, भीमराव शेजवळ," उन्नती स्वतःच म्हणाली. हे कव्हर तिला पाठ होतं. "गायिका प्रज्ञाज्योत महिला कोरस."

द्रौपदीबाईंनी कव्हर खाली ठेवलं.

"आई? लिहू ना?"

"तुझ्या पप्पांनी जन्मात कधी भाकरी थापली?" द्रौपदीबाईंनी चष्मा काढला. "कोरस नाही ती. एकटी गंगू आहे. आणि शब्दही तिचेच. बदलापूर गावातली गंगू रोकडे. तू लहान होतीस."

"मग कव्हरवर पप्पांचं नाव का?"

"बुवाचं नाव लिहायची पद्धत होती."

"तुला माहीत होतं?"

"होतं." त्यांनी पदराने चष्म्याच्या काचा पुसल्या, त्या स्वच्छ असूनही. "अशी चौदा-पंधरा तरी असतील. गंगू भांडून पार्टी सोडून गेली, तेव्हा मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही. तिलाही भेटायला गेले नाही."

पप्पांच्या अक्षरातलं ते कव्हर उन्नतीसमोर होतं. या अक्षरावरून ती अक्षर गिरवायला शिकली होती. तिने ती जागा रिकामी ठेवली आणि पुढचं गाणं लावलं, पण त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

दोन दिवसांनी हेमचंद्रकाका आले. भीमरावांचे धाकटे भाऊ, पार्टीत पेटी वाजवायचे, उल्हासनगरला राहायचे. द्रौपदीबाईंनीच त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं.

"जयंतीला विहारात ही गाणी लावायची ठरलंय," काका चहाला हात न लावता म्हणाले. "आणि तू भावाचं नाव पुसायला निघालीस?"

"पुसत नाही, काका. जिथे त्यांचं नाही तिथे लावत नाही."

"त्या माणसाने हयात घालवली पार्टीसाठी. पगार मोडून माइक आणला. गंगू आज आली, उद्या गेली."

"गाणी तिची आहेत की नाहीत? तुम्ही पेटीवर बसायचात. तुम्हाला माहीत असणार."

काकांनी चहाचा कप पुढे सारला. मग म्हणाले, "मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, उन्नती."

"म्हणून तर जिवंत आहे तिला विचारायला जातेय."

काका उठले. दारात चप्पल घालताना म्हणाले, "मग जयंतीला माझी वाट बघू नका." आणि गेले.

त्या शनिवारी तिने अर्धी रजा टाकली. बदलापूर स्टेशनवरून शेअर रिक्षाने गावात उतरली, विचारत विचारत बौद्धवाड्यात पोचली. ओट्यावर एक सडपातळ म्हातारी भिजवलेले वाल सोलत बसली होती.

"जय भीम, मावशी. मी उन्नती..."

"भीमरावाची पोर." म्हातारीने वर बघितलं. "नाक त्याचंच आहे. बस. काय, पत्रिका द्यायला आलीस?"

"नाही. गाणं ऐकवायला आले."

उन्नतीने फोन काढला. घरच्या सर्व्हरला बाहेरूनही पोचता यावं, पण फक्त ओळखीच्या फोनलाच, अशी सोय तिने आदल्या आठवड्यात करून घेतली होती. गाण्यात भोंगा झाला, भाकरी आली. गंगूबाई वाल सोलतच होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांचे हात थांबले. आतून त्यांची सून वैष्णवी बाहेर येऊन चौकटीला टेकून उभी राहिली.

"ढोलकी घाई करतेय," गाणं संपल्यावर गंगूबाई म्हणाल्या. "तेव्हाही सांगितलं होतं."

"आई, ह्या तुम्ही?" वैष्णवीने विचारलं.

"नाहीतर कोण?"

उन्नतीने सांगून टाकलं. कव्हरवर काय आहे, आई काय म्हणाली, फाइलमध्ये कुठली जागा रिकामी ठेवली आहे.

"आता लिहून काय करतेस?" गंगूबाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं झाली. तेव्हाच मी त्याला म्हटलं, भीमराव, माझं नाव टाक. तर म्हणतो, गंगू, पार्टीचं नाव मोठं झालं की आपल्या सगळ्यांचंच मोठं झालं. मी म्हटलं, मग तुझं कशाला टाकतोस? तो हसला. मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही."

"पप्पांचं चुकलं," उन्नती म्हणाली. हे वाक्य ती घरून ठरवून आली होती. "पण आमच्या लॅबमध्ये नळीवर चुकीचं नाव सापडलं, तर जुनं झालं म्हणून आम्ही तसंच ठेवत नाही, मावशी. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत येईन. पुढच्या शनिवारीही येईन."

गंगूबाईंनी हात पदराला पुसले. "हट्टही त्याचाच," त्या म्हणाल्या आणि वालाची परात बाजूला सारली. "वाजव एकेक."

द्रौपदीबाईंनी आठवून दिलेली चौदा गाणी होती. वैष्णवीने चहा केला, मग वालाचं बिरडं टाकलं, तरी गाणी चालूच. अकरा गाण्यांवर गंगूबाईंनी मान डोलावली. तीन गाण्यांना त्यांनी पहिल्याच ओळीत हात वर केला.

"ही माझी नाहीत. हे भीमरावाचं. हेही. ते तिसरं तर त्याने माझ्यासमोर विडीच्या पाकिटावर लिहिलं. त्याचं त्याला दे."

"नक्की?"

"मला माझं ओळखता येतं, तर त्याचं येणार नाही?" मग त्या पुढे वाकल्या. "आणि नुसतं गंगू नको लिहू. गंगूबाई सखाराम रोकडे. गीत वेगळं लिही, आवाज वेगळा लिही. दोन्ही ठिकाणी पूर्ण नाव."

उन्नतीने तसंच लिहून घेतलं. निघण्याआधी तिने गंगूबाईंच्या फोनवर ॲप टाकलं, त्यांच्या नावाचं खातं काढलं आणि कुठे दाबायचं ते वैष्णवीला दाखवलं. घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता ती कॉम्प्युटरपुढे बसली. अकरा फाइली, बावीस जागा. द्रौपदीबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि प्रत्येक नाव मोठ्याने वाचून तपासत गेल्या. अकरावं झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी मीपण येते."

जयंतीला विहारात गाणी लागली. समोरच्या पडद्यावर गाण्याबरोबर नावं दिसत होती. काही जुनी माणसं कुजबुजली, दोघी म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेमचंद्रकाका आले नाहीत. अजूनही घरी येत नाहीत, फोन तेवढा उचलतात. उन्नती दर रविवारी फोन करते.

जयंतीनंतरच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने लॅबमधून सर्व्हरचं पान उघडलं. कंटेनर नीट चालू आहे ना, हे बघायची तिला आता सवयच लागली होती. पानाच्या कोपऱ्यात या क्षणी कोण काय ऐकतंय ते दिसतं. तिथे एकच नाव होतं, गंगूबाई सखाराम रोकडे, आणि गाणं तिसऱ्यांदा सुरू झालेलं होतं. भोंग्याचं नव्हतं. भीमरावांनी विडीच्या पाकिटावर लिहिलं होतं, ते होतं.

उन्नतीने डबा तसाच ठेवून फोनवर तेच गाणं लावलं.