उभा अक्ष

भिंगरीने पट्टी दाबून धरली आणि एका दमात रेघ ओढली. पाचही ठिपके रेघेवर, अगदी शहाण्यासारखे.

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची आई रसायनतज्ज्ञ होती. सुट्टीत भिंगरी तिच्या हाताखाली शिकायची, आणि आजचा नमुना तर घरचाच होता: मावशीच्या विहिरीचा. तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध त्याच पाण्यात कालवायचं, म्हणून त्यातलं नायट्रेट मोजायचं होतं; ते जास्त असलं की तान्ह्यांना बाधतं. आधी नायट्रेट किती ते ठाऊक असलेल्या पाच द्रावणांवरून रेघ, मग रेघेवरून विहीर. विहीर सुरक्षित मर्यादेच्या जेमतेम खाली बसली. आई येईपर्यंत धीर कुणाला? भिंगरी मावशीला फोन करून मोकळी झाली: खुशाल पाज.

आईने येऊन आलेख डोळ्यांजवळ नेला.

"आडवा अक्ष बरोबर. आपल्याला ठाऊक ते आडवं, यंत्र सांगेल ते उभं. पण उभ्याला एवढीशीच जागा? कागदाचा दुष्काळ पडलाय का?"

"मोठा घेतला की शेवटचा ठिपका घसरतो. ध्यान दिसतं."

"मग दिसू दे ध्यान."

तोंड वाकडं करत भिंगरीने दुसरा कागद घेतला आणि उभा अक्ष पानभर ताणला. चार ठिपके सरळ चढले. पाचवा दमल्यासारखा खाली बसला. विहिरीचा आकडा नेमका त्या वाकणात येत होता. पट्टी तिच्या हातातच राहिली.

"रसायन घातल्यावर नायट्रेटचा रंग फार गडद झाला की यंत्र कमी सांगतं," आई म्हणाली. "नमुन्यात तेवढंच शुद्ध पाणी घाल. परत यंत्राला लाव."

या वेळी आकडा सरळ भागात आला. दुप्पट केल्यावर मर्यादा ओलांडून गेला. भिंगरीने गुणाकार पुन्हा केला, बोटांवर. आईने फोन तिच्यापुढे सरकवला.

"मावशी, माझं चुकलं गं. ते पाणी बाळाला देऊ नकोस."

"अगं, मी चांगलं खळखळून उकळते. आज तर जास्तच आटवलंय."

भिंगरीने आईकडे पाहिलं. आईची मान नकारार्थी हलली.

"आटलं की पाणी उडतं, मावशी. नायट्रेट तसंच राहतं, उलट दाट होतं. पाजलंस का?"

"आत्ताच उठलाय. बाटली हातात आहे माझ्या."

"ओतून टाक. आम्ही पाणी घेऊन निघतोय."

पलीकडे बाळाने भोकाड पसरलं. भिंगरीने फोन कानापासून जराही हलवला नाही.