सरळ खाली पडणारा सूड

मित्रांनो, मी कडेगावजवळ एका उसाच्या बांधावर उभं असलेलं आफ्रिकन झाड आहे, आणि मी रागात आहे. बाकीची झाडं आपली कहाणी सावली आणि प्राणवायूपासून सुरू करतात. मी सुडापासून करणार आहे.

माझं मूळ काँगोतलं. या शेताचे मालक सुभेदार मानसिंग शांतिसेनेत तिकडे होते. परतताना त्यांनी मोज्यात गुंडाळून दोन बिया आणल्या. मोजा धुतलेला नव्हता. तरीही आम्ही दोघं उगवलो, यावरून आमच्या जातीचा चिवटपणा लक्षात यावा.

कूळ वडाचं. वड, पिंपळ, उंबर, फणस, तुती सगळे भाऊबंद. कुणालाही खरवडा, पांढरा चीकच निघणार. शास्त्रीय नाव ट्रेक्युलिया आफ्रिकाना. पानं जाड, गर्द हिरवी, वितीहून लांब. फळ माणसाच्या डोक्याहून मोठं, खरखरीत, थेट खोडाला नाहीतर जाड फांदीला लागतं. आत गरे नसतात. स्पंजासारख्या मगजात बिया खच्चून भरलेल्या असतात आणि त्या भाजून, उकडून खातात. गावाने मात्र गरे शोधले, सापडले नाहीत म्हणून मला 'बिघडलेला फणस' ठरवलं. हा अपमान मी गिळला.

पुढचा गिळला नाही.

आमच्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. मी मादी. नर माझ्या शेजारीच होता. त्याला फक्त गोल फुलोरे येत. गेल्या हिवाळ्यात सुभेदार आणि विजयमालाबाई साताऱ्याला लग्नाला गेले आणि त्यांच्या चिरंजीवांनी, म्हणजे जयराजने, भाड्याने कटर आणला.

"ह्याला फळ न्हाई, काय न्हाई. नुसती उसावर सावली," तो गुंडा नावाच्या आपल्या मित्राला म्हणाला.

"आबा काय म्हंतील रं?"

"आबा दोन दिस बोलत्यात, मग जेवत्यात."

नर पडला. त्याचा चीक बांधावरून ओघळत होता आणि जयराज मोबाइलवर गाणं लावून वडापाव खात होता.

आठवड्याभराने कराडच्या कॉलेजातल्या अंकिता मॅडम आल्या. आमचं नाव काय ते सांगायला सुभेदारांनीच त्यांना बोलावलं होतं. तोडलेल्या बुंध्याशेजारी पडलेले गोल फुलोरे त्यांनी उचलून बघितले.

"हा नर होता. आता हिच्या फळांत बी भरणार नाही. वर लटकतंय ना, तेवढंच शेवटचं."

"आवं, म्हंजी वंशच बुडाला की हिचा!" विजयमालाबाई म्हणाल्या.

"मग हिचा तरी काय उपेग?" जयराज म्हणाला. "ऊस तुटला की हिलाबी घेतो."

"मुडद्या!" विजयमालाबाई ओरडल्या.

मित्रांनो, झाडाला धावता येत नाही. आम्हाला सूड फक्त सरळ खाली घेता येतो. म्हणून मी फळ पिकवत राहिले आणि सावली गार ठेवली. एका कडक दुपारी जयराजने नवीकोरी गाडी, पूजेच्या हारासकट, नेमकी माझ्याखाली लावली.

मी देठ सोडला.

"गड्या," गुंडा टपाला पडलेल्या खड्ड्याकडे बघत म्हणाला, "ह्यात आता म्हस डुंबंल."

जयराजचं डोकं फिरलं. फुटलेल्या फळावर तो नाचला, त्याचा लगदा केला आणि लाथेने पाटात उडवला. पाटाला पाणी सुरू होतं. माझा बेत टपापर्यंतच होता. वंशाचं पुढचं काम त्याने स्वतःच्या पायाने केलं.

महिन्याभरात पाटाच्या कडेने रोपं उभी राहिली. जयराज खुरपं घेऊन आला, तर मागे आई.

"ठेव ते खाली. नर तू तोडलास, नर तूच वाढवायचा."

"मग ह्यातला नर कंचा ते सांग, तेवढाच ठिवतो."

मॅडमना फोन लागला. फुलं येईपर्यंत कुणालाच ओळखता येत नाही, त्या म्हणाल्या. आणि फुलं यायला बरीच वर्षं लागतात.

आता जयराज सगळ्यांना कळशीने पाणी घालतो. शेळ्या हाकलतो. उन्हात बारदान बांधतो.

मित्रांनो, झाड तोडण्याआधी ते कोण आहे, कुणाचं आहे, एवढं तरी विचारत जा. आमची स्मरणशक्ती चांगली असते आणि आम्हाला घाई नसते.

रोज संध्याकाळी जयराज एकेका रोपापुढे वाकून विचारतो, "तूच हायस का रं त्यो?"

मला माहीत आहे. सांगणार नाही.