तीन सेकंदांचा पुतळा

मी कापसाचा पुतळा बोलतोय. पडणं हेच माझं काम.

रनाळ्यात दगूबाईंनी मला शिवलं. बाहेरून त्यांचं जुनं लुगडं, आत घरचा कापूस. अंगात थोरल्या लेकाचा, हिंमतरावांचा, चौकड्यांचा शर्ट. हिंमतराव मोबाइलवर अहिराणी सिनेमे काढायचे, हिरोही स्वतःच. हिरो विहिरीत पडायचा असला की त्यांच्या जागी मला टाकायचे. साठ फूट खाली पाणी. मग गळ टाकून मला वर काढायचे आणि उन्हात वाळवायचे. खरं सांगतो, मला त्यात मोठेपणा वाटायचा.

धाकटे नवनीत सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. सिनेमा आला तसं त्यांनी पारावर, सगळ्यांसमोर, माझं पडणं मोजलं.

"भाऊ, साठ फूटवरतीन मानूस दोन सेकंदमा पानीले लागस. हाऊ तीन लेस! हाऊ पडस का उडस?"

हलक्या कापसाला हवा अडवते, जड माणसाला फारशी नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पण पार हसून लोळला आणि हिंमतरावांचं तोंड एवढंसं झालं. गणित बरोबर आलं की माणसांना ते चारचौघांतच का सांगावंसं वाटतं, मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या सिनेमात पुन्हा तीच विहीर. या वेळी हिंमतरावांनी मला काठावर भिरकावलं आणि चपला काढल्या. नवनीत सर रेतीची गोणी घेऊन धावत आले.

"भाऊ, येन्हामा रेती भर. तू नको उडी मारू!"

"तूच म्हनना ना, खोटं दिखस? आते मोजी ले."

हिंमतराव पट्टीचे पोहणारे. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं होतं आणि त्याखालचा खडक त्यांना दिसला नाही.

ती उडी मोबाइलमध्ये राहिली. तेराव्यानंतर सरांनी ती माझ्याजवळ बसून मोजली. दोन सेकंद, बरोबर. मग माझ्या पोटात तोंड खुपसून ते खूप रडले.

आता मी गोठ्यात पडून असतो. उंदरांनी एक हात पोकळ केलाय. संध्याकाळी दगूबाई येतात. "बटन लाव रे हिंमत, थंडी शे," म्हणत शर्टाची बटणं लावतात. मला फार वाईट वाटतं.

सर, मला पुन्हा त्या विहिरीत टाका. तीन सेकंद घेईन, हवं तेवढं हसा. गळाला लागून मी वर तरी येतो.