एकशेवीस-ऐंशी

माझ्या थोरल्या बहिणीची तब्येत सुधारली आणि आमच्यामागे शुक्लकाष्ठ लागले.

ताईचे कमरेचे हाड मोडून तेव्हा अकरा महिने झाले होते. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, लांब मुक्कामाच्या खोलीत, खिडकीकडची खाट तिची. सकाळी एक सुई, दिवसातून चारदा कूस बदलणे आणि संध्याकाळी रक्तदाब. मी राहतो चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, वय बहात्तर. तिला घरी न्यायची वेळ आली असती, तर आम्हां दोघांचाही मुक्काम जिन्यातच पडला असता. म्हणून ती खाट टिकणे एवढीच माझी काळजी होती.

अशात दवाखान्यात नवा प्रोग्राम आला. जुना फार वीज खायचा म्हणे. तळमजल्यावरच्या थंड खोलीत यंत्रे चोवीस तास घरघरत बसायची. कशासाठी, तर कुणाला कधी किती ताप होता ते लक्षात ठेवायला. नवा प्रोग्राम लिहिणारा माणूस स्वतः समजवायला आला. सज्जन होता. बोलतानाही शब्द वाचवायचा.

"ज्या रुग्णात सात दिवस बदल नाही, त्याची नोंद झोपते," तो म्हणाला. "झोपलेली नोंद वीज खात नाही."

"आणि रुग्ण?" सिस्टरांनी विचारले.

"रुग्ण काय?"

"त्याने खायचं की नाही?"

त्याने खिशातली छोटी वही काढली, हे लिहून घेतले आणि वही परत खिशात ठेवली.

नोंद झोपली की पडद्यावर त्या खाटेच्या जागी हिरवे पान उगवायचे. पान उगवले की स्वयंपाकघरातून ताट येत नसे, औषधांची गाडी खाटेला वळसा घालून जाई आणि तिसऱ्या दिवशी खाट दुसऱ्याच्या नावावर होई. वरच्या मजल्याने चाळीस पाने मिळवली म्हणून त्यांना ढाल दिली. प्रोग्रामच्या हिशेबाने तिथे आता एकही रुग्ण नाही. नातेवाईक मात्र डबे घेऊन जिन्यात धावताना दिसतात.

आणि ताईचा रक्तदाब रोज एकशेवीस-ऐंशी. महिनोन् महिने. भिंतीवरचे घड्याळ मागेपुढे होई, ताई होत नसे.

"आकडा मी हाताने घातला तर?" सिस्टरांनी त्या माणसाला विचारले.

"नाही. माणूस टाइप करत बसला की पडदा उगाच चालू राहतो. दंडाच्या पट्ट्यातून आकडा थेट जाईल."

"मग झोपलेली नोंद उठवायची कशी?"

"अर्ज करायचा. रुग्णानेच. जाग्या नोंदीवरून."

जाताना तो ताईकडे कौतुकाने पाहत म्हणाला, "आजी, तुमची तब्येत फार काटकसरी आहे."

"आणि तुमची अक्कल," ताई म्हणाली.

सहाव्या दिवशी सिस्टरांनी मला कपाटामागे ओढले. "काका, उद्यापर्यंत आजींचं काहीतरी बिघडायला हवं."

"मी काय बिघडवू?"

"भाऊ ना तुम्ही? त्या कशाने भडकतात ते तुम्हाला नाही तर कुणाला ठाऊक?"

ठाऊक होतेच. दुसऱ्या दिवशी पट्टा ताईच्या दंडावर चढला तसा मी खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, "ताई, भावजी बासरी वाजवायचे ना, त्याला आमच्या घरात कुणीच बासरी म्हणत नव्हतं. किटली म्हणायचे."

एकशेअठ्ठेचाळीस-ब्याण्णव. कोपऱ्यातून डोकावू लागलेले पान मागे सरले. सिस्टरांनी माझ्यासाठी चहा मागवला.

तेव्हापासून दर बुधवारी मी भांडायला जाऊ लागलो. तिच्या हातचे विणकाम, तिने निवडून दिलेला माझा पहिला चष्मा, माझ्या लग्नात तिने धरलेला अबोला, एकेक काढले. ताईही तयारीने बसायची. मी निघालो की सांगायची, "ढब्या, पुढच्या खेपेला माझ्या नणंदेचं काढ. तिथे मला अजून लागतं."

पण नणंदही दोनच बुधवार पुरली. नंतर मी काहीही बोललो तरी ताई हसायची. इतके भांडून आमच्यात भांडायला काही उरलेच नाही. एका बुधवारी तर पट्टा बांधल्यावर तिला डुलकी लागली. एकशेवीस-ऐंशी. पडद्याच्या कोपऱ्यात पानाचे टोक दिसू लागले.

मग मी पासष्ट वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट काढली.

"ताई, बाबांचं गजराचं घड्याळ. ते तू फोडलं नव्हतंस. मी फोडलं. मार तू खाल्लास."

सिस्टर पडद्याकडे बघत राहिल्या. आकडा हलला नाही.

"माहीत आहे," ताई म्हणाली. "मी दारातच उभी होते. तू तुकडे माझ्या पेटीत ठेवलेस, तेही पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढासा होतास. आणि घाबरलास की तुला उलटी व्हायची. पुसायची मला."

माझे कान तापले. कानशिलातून ठोके ऐकू येऊ लागले. सिस्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, पानाकडे पाहिले, ताईच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि माझ्या दंडाला बांधला.

एकशेअठ्ठ्याहत्तर-एकशेचार.

प्रोग्राम खडबडून जागा झाला. पान गळाले आणि ताईच्या नावापुढे लाल दिवा लागला. मोठ्या डॉक्टरांनी आपल्या खोलीतूनच तो आकडा पाहिला आणि दिवसाला एक गोळी लिहून दिली.

"या गोळीने आजी आडव्या होतील," सिस्टर म्हणाल्या.

"मी आडवीच आहे," ताई म्हणाली. "ज्याचा आकडा त्याला गोळी."

जन्मात मी कधी रक्तदाब मोजून घेतला नव्हता. सिस्टरांनी मला ओढतच डॉक्टरांपुढे नेले. त्यांनी मला तपासले, तीच गोळी मलाही दिली आणि वर म्हणाले, "भावंडांत चालतं असं." त्यानंतर मी दर बुधवारी ताईच्या खाटेशी बसून दंड पुढे करू लागलो. एकशेसत्तर, एकशेचौपन्न, एकशेचाळीस. दर खेपेला नवा आकडा, नोंद टक्क जागी, ताईला सुई वेळेवर. मला सकाळी उठताना येणारी चक्करही थांबली. जिना चढताना मी आता दोनदाच बसतो.

काल बुधवार. मधले सहा दिवस ताईचा नेहमीचा आकडा, हा सातवा. पट्टा फुगला, सुस्कारा टाकून बसला, आणि पडद्यावर माझा आकडा आला.

एकशेवीस-ऐंशी.

पडद्याच्या कोपऱ्यात पानाचा देठ दिसू लागला होता.

"झालं," मी म्हणालो. "मीही बरा झालो."

ताईने माझ्या दंडावरचा पट्टा सोडवला आणि खुर्चीकडे बोट केले. "सिस्टर, बसा जरा. दिवसभर उभ्या आहात. तुमच्या सासूबाई आल्यात ना राहायला? किती दिवस आहेत?"

सिस्टर खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी बाही वर केली.