चार हजार गाण्याइवर माहा फोटो

चूक माही हाय, हे आधीच सांगून टाकतो. मंग तुमाले काय बोलायचं ते बोला.

तेल्हाऱ्याच्या स्टँडजवळ माहं मोबाईलचं दुकान. दोन हजार नऊची गोष्ट. तवा लोक फोनचं मेमरी कार्ड घेऊन येत अन् मी कॉम्प्युटरवरून त्यात गाणी भरून देत होतो. चार हजारांवर गाणी होती माह्याकडं, सारी नीट लावलेली. गाणं कोणतं, म्हणणारा कोण, वर चित्र कशाचं, सारं. समोरच्या दुकानवाल्यानं गिऱ्हाईक पाठवून पाठवून माही गाणी उचलाले सुरुवात केली. माहं डोकं सटकलं. एका सॉफ्टवेअरमधून एका दमात साऱ्या गाण्याइवर शिक्का मारला. गायक, इमरान मोबाईल. अल्बम, इमरान मोबाईल. गाण्याचं नावही तेच, पुढं फक्त नंबर. अन् चित्राच्या जागी काळा चष्मा घातलेला माहा फोटो. ने आता, म्हटलं, माहंच नाव वाजवशील. जुनी नावं कुठं उतरून ठेवाची अक्कल काही सुचली नाही.

चोर सोडून संन्याशाले फाशी देल्ली मी. तो संन्याशी म्हणजे गोवर्धनकाका.

गोवर्धनकाका फुलं पिकवे अन् त्याची बायको वच्छलाकाकू स्टँडवर हार विके. हा माणूस हळदीची गाणी बायाइपेक्षा गोड म्हणे. बाया हसत, पण घरी हळद असली का त्यालेच बोलावणं. एक दिवस माह्या दुकानात बसून त्यानं एक गाणं म्हटलं, मी रेकॉर्ड करून कॉम्प्युटरात टाकलं, त्याच्याही फोनात देल्लं. त्याचा फोन पुढं विहिरीत पडला. मंग कावीळ झाली अन् काकाही गेला.

शिक्क्याले दोन-तीन महिने झाले असतीन, तवा काकू दुकानात आली.

"इमरान, रविवारी करिश्माची हळद हाय. पोरीनं एकच मागतलं, बाबाचं गाणं लाव. काढून दे बाप्पा."

"देतो ना," म्हटलं अन् कॉम्प्युटरकडं वळलो. वरून खालपर्यंत मीच, काळा चष्मा घालून. काकूले खरं सांगाची हिंमत झाली नाही. उद्या या, म्हटलं.

चार दिवस ऐकून राहिलो. एक लावायचं, दहा सेकंद ऐकायचं, पुढं जायचं. गिऱ्हाईक परत पाठवले. माही बायको नसीमबानो म्हणे, "काकूले सांगून काहून नाही टाकत?" मी तिच्यावरच खेकसलो. रविवारी सकाळी सारी गाणी संपली. काकाचं काही सापडलं नाही.

काकू आली, तिले गाणं सापडलं नाही एवढंच सांगितलं. "राहू दे," म्हणे, अन् मांडवाचे हार करायचे होते म्हणून निघून गेली. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं मले.

बुधवारी धारणीचा जीपवाला देवमन परत कार्ड भराले आला. "इमरानभाऊ, लय गोड म्हणता तुमी. आमच्याकडं तुमच्या गाण्याबिगर हळद होत नाही," म्हणे, अन् फोन माह्यासमोर धरला. आधी अर्धा मिनिट स्टँडवरचा गलका, माहं कोणासंग तरी भांडण, खाकरणं. मंग गोवर्धनकाका. तो गलका मी दहा सेकंद ऐकला असन अन् कचरा समजून पुढं गेलो असन.

गाणं दुसऱ्या कार्डात घेतलं अन् तसाच काकूकडं पळालो. तिच्या फोनात कार्ड घालून लावलं. तिनं हातातला हार खाली ठेवला, अन् गाणं पुरं ऐकलं. मंग फोन डोळ्याजवळ नेला.

"याच्यावर तुहा फोटो काहून हाय?"

मंग पहिल्यांदा सारं सांगितलं. शिक्का, देवमन, धारणी, सारं. लाज वाटून राहिली होती. "आत्ता बदलून आणतो काकू," म्हटलं. "काकाचं नाव टाकतो, फोटोही टाकतो."

"टाक," काकू म्हणे. "धारणीच्या पोरीइच्या हळदीत गाणं म्हटलं तुह्या काकानं. चांगलं झालं. आपल्या पोरीच्या हळदीत तेवढं राहिलं."